घरच्या कुत्र्याला शिकवलं, आता ट्रेनर व्हायचंय

डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. घरी साडेतीन वर्षांची लॅब्रेडॉर, नाव शेरी. कुणाचीही मदत न घेता तिला त्यांनी सगळं शिकवलं. रस्त्यावर ओढत नाही, पाहुणे आले की चटईवर जाऊन बसते, 'थांब' म्हटलं की थांबते. सोसायटीतली चार घरं आता त्यांनाच सल्ला विचारतात. बँकेतली नोकरी सोडून हाच व्यवसाय करावा का, कोर्स लागतो का, आणि मुंबईत यावर घर चालतं का?

घर चालतं. पैशांचं शेवटी सांगते. आधी तुम्ही न विचारलेला प्रश्न घेते: शेरी तुमच्यामुळे किती शिकली, आणि ती शेरी आहे म्हणून किती शिकली?

राग मानू नका. लॅब्रेडॉर ही जातच माणसाबरोबर काम करण्यासाठी, मारलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणून देण्यासाठी घडवलेली आहे. त्यात खाण्याचा हावरटपणा, म्हणजे शिकवणाऱ्याची चंगळच. साडेतीन वर्षांची होईपर्यंत तिचं अंगातलं वारं तसंही थोडं उतरलेलं असतं. लॅबला शिकवणं म्हणजे उतारावरून सायकल चालवणं. तुम्ही चांगली चालवली असेल, पण पॅडल किती मारलं हे चढ लागेपर्यंत कळत नाही.

मला चढच आधी मिळाला. २०११ साली दादरच्या टिळक पुलाखालून एक चार महिन्यांचं पिल्लू घरी आणलं, बाळू. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत जे जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या डोक्यात 'ठीक आहे' या खात्यात जमा होतं. त्यानंतर नव्या गोष्टीकडे आधी संशयानेच पाहिलं जातं. बाळूचे ते आठवडे पुलाखाली गेले होते. गाड्या, हॉर्न, पुलावरून जाणारी मिरवणूक, कशाचीच त्याला भीती नव्हती. भीती होती हेल्मेट घातलेल्या माणसाची, उघडलेल्या छत्रीची आणि खांद्यावर पोतं घेतलेल्या कुणाचीही. वर्षाचा होईपर्यंत तो या तिघांच्या अंगावर धावून जायला लागला. मुंबईत या तिघांना टाळून चालायचं तर चंद्रावर राहायला जावं लागेल.

मी तेव्हा एका सीएच्या ऑफिसात हिशेब लिहायचे. ओळखीतून एक ट्रेनर आले. आठवड्यातून तीन दिवस, एक तास. चोक चेन, म्हणजे ओढली की मान आवळणारी साखळी, तिचा झटका आणि एकच वाक्य: 'त्याला कळलं पाहिजे बॉस कोण आहे ते.' दोन आठवड्यांत बाळूचं गुरगुरणं बंद झालं. मी खूश, शेजारी खूश. तिसऱ्या आठवड्यात त्याने कुरियरवाल्याची पँट फाडली, तीही आवाज न करता. आम्ही त्याला शिकवलं होतं ते एवढंच, की गुरगुरलं की मान आवळली जाते. हेल्मेटची भीती होती तिथेच होती, फक्त भोंगा काढून टाकला होता. गुरगुरणं हा उद्धटपणा नसतो, ती सूचना असते. ही गोष्ट मी आज प्रत्येक घरात पहिल्या दिवशी सांगते, आणि ती शिकले एका फाटक्या पँटीवरून.

त्या 'बॉस'बद्दलही थोडं. ही कल्पना आली लांडग्यांकडून. रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ साली जे लिहिलं, त्यातून कळपातल्या वर्चस्वाच्या लढाईचं चित्र पसरलं. डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाने १९७० मध्ये आपल्या पुस्तकात ते पुढे नेलं. नंतर याच मेकने कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा माग अनेक उन्हाळे काढला आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. लढून मिळवलेली गादी वगैरे काही नाही, आईबाप आहेत म्हणून ते पुढे असतात. ज्याने लिहिलं त्यानेच खोडलं, तरी आपल्याकडे अजून पिल्लाला उताणं पाडून 'बॉस' दाखवणारे आहेत. माझ्या आधीच्या पिढीतले मला भेटलेले बरेच ट्रेनर पोलीस किंवा लष्करी श्वानपथकांच्या शिस्तीत तयार झालेले होते. त्यांच्याविषयी मला आदर आहे. १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या जंजीर नावाच्या लॅब्रेडॉरने स्फोटकं हुंगून काढली, ती हुंगण्याची शिकवणी सोपी नव्हे. पण दुसऱ्या मजल्यावरच्या घाबरट कुत्र्याला कवायत शिकवून त्याची भीती जात नाही.

मग मी काय केलं? वाचलं, आणि सकाळी सहाला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसले. रस्त्यापासून इतक्या लांब, की हेल्मेट दिसेल पण बाळूच्या अंगावरचे केस उभे राहणार नाहीत. हेल्मेट दिसलं की चिकनचा तुकडा, गेलं की चिकन बंद. तो बसला का, शांत होता का, याचा संबंध नाही. हेल्मेट आलं म्हणजे चिकन येतं, एवढंच. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हने घंटी आणि अन्नाची जी सांगड घातली, तीच मी भीतीच्या जागी घालत होते. अंतर दर आठवड्याला दोन-चार पावलांनी कमी. एखाद्या दिवशी तो ताणला, की पुन्हा मागे. आठ महिने लागले. नवव्या महिन्यात दारात हेल्मेटवाला आला आणि बाळूने त्याच्याऐवजी माझ्या खिशाकडे पाहिलं. त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला हे जमतं.

इथेच बहुतेक जण ट्रेनर होतात आणि इथेच फसतात. मीही फसले.

इमारतीतल्या दोन कुत्र्यांवर माझं 'लांबून चिकन' चाललं. मग माटुंग्याच्या एका घरातून फोन आला. कॉकर स्पॅनियल, पाच वर्षांचा, गेल्या महिन्यापासून कॉलरला हात लावला की दात दाखवतो. मला वाटलं, हाताची भीती. उपाय माहीत होता: एका हातात चिकन, दुसरा हात हळूहळू जवळ. तिसऱ्या भेटीत त्याने माझा अंगठा फोडला. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतला (हे पाठ करून ठेवा, रेबीजच्या बाबतीत पहिला उपचार तोच), आणि महापालिकेच्या दवाखान्यात लशी घेतल्या. कुत्र्याला मालकांनी डॉक्टरकडे नेलं. दोन्ही कान आतून सडलेले. लांब, लोंबते, केसाळ कान आणि मुंबईचा जुलै; कॉकरच्या बाबतीत हे पहिल्याच मिनिटाला मनात यायला हवं होतं. कॉलर ओढली की कान ओढला जात होता. त्याला शिकवणीची नाही, कानात घालायच्या औषधाची गरज होती.

मी त्या घरात त्याला बघितलंच नव्हतं, बाळूला बघत होते. माझ्या कुत्र्याने मला एकच कुलूप आणि त्याची एक किल्ली दिली होती, आणि ती किल्ली मी गावभर लावत सुटले होते. घरचा कुत्रा तुम्हाला या वाटेवर आणतो यात शंका नाही. माझ्या ओळखीतले जवळपास सगळे चांगले ट्रेनर कुठल्या ना कुठल्या अवघड घरच्या कुत्र्याकडूनच आले आहेत. पण ट्रेनर होणं सुरू होतं ते त्याच्यावर चाललेली गोष्ट दुसऱ्यावर चालत नाही तेव्हा.

तेव्हापासून माझा नियम आहे, अचानक बदललेला कुत्रा आधी डॉक्टरकडे. कान, दात, कंबर, गोचिडताप, सगळं तपासून आल्याशिवाय मी पैसे घेत नाही. यात माझी काही कामं गेली. लोकांना तीनशे पायऱ्यांचा उपाय चालतो, पण 'आधी डॉक्टर' म्हटलं की वाटतं बाईला काही येत नाही. आणि स्वतःपुरतं म्हणाल तर रेबीजची लस चावण्याची वाट न बघता आधीच घ्या. आधी घेतलेली असली तरी चावल्यावर दोन डोस घ्यावे लागतातच, पण गोष्ट बरीच सोपी होते.

आता कोर्सचं. आपल्याकडे ट्रेनर म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. उद्या सकाळी पाटी लावलीत तरी कुणी हटकणार नाही, आणि रोज सकाळी कुणीतरी लावतंच. परदेशी संस्थांच्या परीक्षा आहेत. त्यांतल्या सीपीडीटी-केए या प्रमाणपत्राला परीक्षेला बसण्यापूर्वी गेल्या तीन वर्षांत किमान ३०० तास प्रत्यक्ष शिकवल्याचा अनुभव मागतात. परीक्षा द्या किंवा नका देऊ, हा आकडा मात्र उशाशी ठेवा. शेरीचे तास त्यात मनातल्या मनातसुद्धा धरू नका. कोर्स घ्यायचाच असेल तर शिकवणाऱ्याला एकच विचारा: कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? उत्तरात झटका, सुई असलेली कॉलर किंवा 'थोडा धाक हवाच' असं आलं, तर नमस्कार करून घरी या.

पुस्तकी भाग कंटाळवाणा वाटेल, पण चुकवू नका. माझ्या सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट कुत्र्यांची नाहीच. केलर आणि मेरियन ब्रेलंड हे जोडपं मानसशास्त्रज्ञ स्किनरकडे शिकलं आणि १९४० च्या दशकात प्राणी शिकवण्याचा धंदाच सुरू केला. बक्षीस दिलं की वागणूक पक्की होते, हा त्यांचा विश्वास. तरी काही प्राणी त्यांना दगा देऊ लागले. रकूनला (अमेरिकेतला एक रानटी प्राणी) नाणी पेटीत टाकायला शिकवलं तर तो दोन नाणी हातात घेऊन एकमेकांवर घासतच बसायचा. डुकराला नाणं गल्ल्यात टाकायला शिकवलं तर काही आठवड्यांनी ते नाणं वाटेत पाडून नाकाने उकरत राहायचं. बक्षीस समोर दिसत असूनही! १९६१ मध्ये त्यांनी हे प्रामाणिकपणे लिहून काढलं, की प्राण्याच्या रक्तातलं वागणं शिकवलेल्या वागण्याला हळूहळू खाऊन टाकतं. बीगल ही वासावरून शिकार शोधण्यासाठी घडवलेली जात. अंधेरीतला बीगल दर दहा पावलांवर नाक जमिनीला लावतो तेव्हा त्याची मालकीण म्हणते, 'माझं ऐकतच नाही.' ऐकत नाही असं नाही हो, त्याच्या शंभर पिढ्या त्याला आधी काहीतरी सांगताहेत. तिथे मी बीगलला थांबवत नाही, 'पाच पावलं माझ्याबरोबर, मग जा, हुंग' असा सौदा करते. हुंगणं हेच बक्षीस. चिकनचाही खर्च वाचतो.

शेरीसारख्या एका कुत्र्याने डोळा तयार होत नाही. तो कसा करायचा? परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात, एखाद्या सकाळी बाकावर बसा. वही घ्या, कुणाशी बोलू नका, कुत्र्याला हात लावू नका. ओठ कोण चाटतंय, उगाच जांभई कोण देतंय, डोळ्याचा पांढरा भाग कोणाचा दिसतोय, शेपूट हलते आहे पण ताठ आहे का. कुणाचा मालक आत गेल्यावर कुत्रा दाराकडे बघत बसतो आणि कुणाचा निवांत झोपतो. दोन तासांत चाळीस कुत्रे, चाळीस स्वभाव. एवढं शिकवणारा कोर्स मला तरी मिळाला नाही. मग एखाद्या आश्रयगृहात शनिवार-रविवार द्या. तिथे लॅब थोडे, गावठी जास्त. तिथल्या कुत्र्यांना तुम्ही कोण हे माहीत नसतं आणि जाणून घ्यायची घाईही नसते.

आता माणसं. या व्यवसायात कुत्रा हा सोपा भाग आहे असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पूर्ण पटत नाही. कुत्रेही अवघड असतात. पण मुंबईच्या घरात पगार देणारा एक, कुत्र्याचं नाव ठेवणारा दुसरा, फिरवणारा तिसरा आणि खायला घालणारी चौथी असते. तुम्हाला बोलावतो पहिला, आणि शिकवायचं असतं तिसऱ्या-चौथ्याला. दिवसातून तीनदा कुत्रा खाली नेणारा वॉकर मुलगा पट्टा खेचत नेत असेल, तर मालकिणीला शिकवलेलं 'हळू चल' आठवड्याला बुडतं. म्हणून मी पहिली भेट वॉकरच्या वेळेला ठेवते. त्याच्याच कुत्र्याला मी शिकवतेय अशा थाटात त्याच्याशी बोलते. निम्मी कामं तिथेच होतात.

आणि आजी. गिरगावातल्या एका घरात पग जेवणाच्या टेबलाशी उभा राहून भुंकायचा. सगळ्यांनी देणं बंद केलं, तरी भुंकणं वाढतच गेलं. देणं बंद केल्यावर काही दिवस मागणी आणखी जोरात होते, हे खरं. पण तीन आठवडे? चौथ्या भेटीत मी आजींच्या शेजारी बसले तेव्हा कळलं. पदराआड मारी बिस्किट होतं.

'आजी, अहो...'

'अगं, तो नुसता बघतो माझ्याकडे. घास उतरत नाही गं मला.'

कधीतरी मिळणारं बक्षीस रोज मिळणाऱ्यापेक्षा घट्ट बसतं, हे त्यांना समजावून काही उपयोग नव्हता. आजींना थांबवायचा नाद मी सोडला. कोपऱ्यात एक पाट मांडला आणि सांगितलं, बिस्किट द्यायचं, पण तो पाटावर बसल्यावर आणि तुम्हीच द्यायचं. दहा दिवसांत पग जेवणाच्या वेळी स्वतःहून पाटावर जायला लागला. त्या घरातली सगळ्यात चांगली ट्रेनर आजी निघाली. शिस्तीची होती, वेळ होता आणि खिशात कायम माल.

खाऊचा विषय निघालाच आहे तर सांगते. नवखे ट्रेनर दुकानातली महाग बिस्किटं घेऊन जातात. कुत्र्याला त्याचं काही नसतं, त्याला वास हवा. उकडलेलं चिकन बोटाच्या पेराएवढं कापून न्या. त्याहून भारी, सुकट. मात्र आधी पाण्यात भिजवून मीठ काढून, पुन्हा वाळवून. घाटकोपर-मुलुंडच्या काही घरांत मांसाहार दाराच्या आत चालत नाही. तिथे पनीर. जैन घर असेल तर रताळंही नेऊ नका, कंदमूळ आहे ते. मी एकदा नेलं आणि घरातल्यांनी इतक्या नम्रपणे सांगितलं की अजून लाज वाटते. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुठल्याच घरात नाही. ती कुत्र्याला विषारी असतात.

मुंबईत कामाचं वेळापत्रक डांबर आणि पंचांग ठरवतं. मार्च ते मे सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी सहाआधी रस्त्यावर काम नाही, पंजे भाजतात. हाताचा मागचा भाग डांबरावर पाच सेकंद टेकवता आला नाही तर कुत्र्यालाही नको. पावसात जिना, लिफ्ट आणि पार्किंग हीच शाळा. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याचे फोन दिवाळीच्या आदल्या दिवशी येतात. त्यांना मी डॉक्टरकडेच पाठवते, एका रात्रीत शिकवता येत नाही. ज्यांना खरंच सुधारणा हवी त्यांना आषाढात सुरुवात करायला लावते: फटाक्यांचं रेकॉर्डिंग ऐकू येईल न येईल इतक्या आवाजात, सोबत जेवण. मधे गणपतीचे ढोल-ताशे येतात, ती चाचणी परीक्षा. नवं पिल्लू असेल तर लसी पूर्ण होण्याची वाट बघत घरात कोंडू नका, कडेवर घेऊन फुलबाजार दाखवा, स्टेशनबाहेर बसा. जमिनीवर ठेवायचं नाही, एवढंच पथ्य.

सोसायट्यांची भांडणंही तुमच्या पदरात पडतील. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी किंवा लिफ्टबंदी सोसायटीला घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सेक्रेटरीला तो कागद दाखवण्यापेक्षा कुत्र्याला लिफ्टच्या कोपऱ्यात तोंड आतल्या बाजूला करून बसायला शिकवणं जास्त चालतं. कागद खिशात असू द्या.

पैशांचं थोडक्यात. मी पहिल्या वर्षी एका भेटीचे ५०० रुपये घ्यायचे आणि दादर ते ठाणे, तिथून अंधेरी अशी फिरायचे; महिनाअखेर हातात प्रवासाचा शीण उरायचा. दिवसाला तीन घरांपेक्षा जास्त नीट होत नाहीत. म्हणून रेल्वेची एकच लाइन धरा. तुम्ही डोंबिवलीचे, तर कल्याण ते मुलुंड. पश्चिम उपनगरातून कितीही गोड फोन आला तरी 'तिथल्या कुणाला तरी विचारून देतो' म्हणा. एका वेळचे पैसे न घेता सहा भेटींचे ठरवा, नाहीतर दुसऱ्या भेटीनंतर कुत्रा थोडा सुधारला की लोक थांबतात आणि तिसऱ्या महिन्यात तुमच्यामुळेच बिघडला म्हणतात. 'खात्रीने' हा शब्द कधीच वापरू नका. चावणाऱ्या कुत्र्याचं काम पहिली दोन वर्षं घेऊ नका, अनुभवी माणसाकडे पाठवा आणि जमलं तर सोबत जाऊन बघत बसा.

नोकरी आत्ता सोडू नका. बँकेला दुसरा-चौथा शनिवार आणि रविवार सुट्टी असते, तेवढ्यात वर्षभरात वीसेक घरं होतील. त्यात किमान पाच गावठी, दोन म्हातारे, एक बहिरा आणि एक असा हवा की जो तुमच्याकडून सुधारला नाही. त्या शेवटच्याविषयी वहीत सगळ्यात जास्त पानं लिहा. वीस झाल्यावर पुन्हा विचारा, तेव्हा कदाचित तुम्हीच म्हणाल की बँक बरी. असं म्हणून परत गेलेले दोघं माझ्या ओळखीत आहेत आणि दोघांचेही कुत्रे मजेत आहेत.

आणि सुकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. मी एकदा पिशवीत नेली होती, संध्याकाळी सहाची कल्याण फास्ट, लेडीज डबा. दादरहून चढून ठाण्याच्या आत मला खिडकी मिळाली.